क्रेनच्या रिमोटवरची होडी

नवनाथ लिंभोरे बिघडलेल्या वस्तूशी जितकं बोलतो तितकं धडधाकट माणसाशी बोलत नाही, अशी त्याच्या बायकोची, दिपालीची, लग्नापासूनची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. गल्लीत कुणाचा मिक्सर बसला, कुणाचा पंखा घरघरायला लागला की माणसं त्याच्या दारात येतात, आणि तो त्या मिक्सरला ‘काय झालं रे तुला?’ असं विचारत आत घेतो. घेऊन येणाऱ्याला बस म्हणायचं मात्र राहून जातं. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात, तो तेवीस वर्षं मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की सगळी शिफ्ट त्याच्या तोंडाकडे बघते आणि तो मशीनच्या तोंडाकडे. आजवर त्याने हात टेकलेत असं एकही मशीन नाही. हात टेकले ते एका ओटीपुढे.

त्याचं गाव उंबरठाण. चाकणच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात तिथे धरण झालं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी उंबरठाणच्या साठ घरांना पलीकडच्या माळावर जागा देऊन उठवलं. माणसं उठली, गुरं उठली, घरांचे वासे आणि दारांच्या चौकटीसुद्धा ट्रकमध्ये चढल्या. उठली नाही ती जाखमाता. गुरवाने कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर तिचा होकार, डावं पडलं तर नकार. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा डावं पडलं. चौथ्यांदा विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि पाणी काही कुणाच्या कौलासाठी थांबणार नव्हतं. लोक संकटात देव पाण्यात ठेवतात म्हणे. उंबरठाणच्या लोकांनी देवी पाण्यात ठेवली आणि स्वतः संकटात निघून आले.

देवीच्या ओटीचा मान लिंभोऱ्यांच्या घराचा. निघायच्या दिवशी नवनाथच्या आईने, कौशल्याबाईंनी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं सुपात काढून ठेवलं होतं. ट्रकवाला घाई करत होता. त्या गडबडीत सुपावर गोधड्यांचं गाठोडं पडलं, आणि ते सूप सापडलं ते थेट माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गावातली माहेरवाशीणसुद्धा कधी रिकाम्या ओटीने गेली नव्हती, आणि प्रत्यक्ष गावच्या आईला आपण तसंच मागे सोडून आलो, हे कौशल्याबाईंच्या मनाला जे लागलं ते लागलंच. त्या दिवसापासून त्यांना सलग झोप अशी कधी लागली नाही. डोळा लागला की देवी उंबऱ्यात उभी राहून पदर पसरते, असं त्या सांगायच्या.

दरवर्षी चैत्रात उंबरठाणची माणसं जिथं असतील तिथून येऊन धरणाच्या काठी जमतात. पाणी उतरलेलं असतं, पण देऊळ काही दिसत नाही. देवळामागच्या चिंचेचा वाळका शेंडा तेवढा पाण्याबाहेर असतो, काठापासून दीडशे-दोनशे पावलांवर. त्याच्याकडे तोंड करून लिंभोऱ्यांच्या घरची सवाष्ण ओटीची सुपली पाण्यावर सोडते. पूर्वी कौशल्याबाई सोडायच्या. नवरा गेल्यावर तो मान दिपालीकडे आला आणि त्या मागे उभ्या राहायला लागल्या. सुपली चार हात पुढे जाते, थबकते, आणि हळूहळू काठाला परत येते. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पंचवीस वर्षं. एकदा मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाने नावेतून नेऊन चिंचेपाशी सोडतो म्हणून सांगितलं. गावाने हात जोडून ओटी त्याच्या हवाली केली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोच्या अंगात त्याच खणाचं पोलकं दिसलं. पुढे ठेकाही बंद पडला, एक जण बुडाल्यावर पाण्यात उतरायलाही मनाई झाली, आणि काठावर शिट्टीवाला राखणदार आला.

नवनाथने आईला कितीदा समजावलं असेल. चैत्रात दुपारचा वारा पश्चिमेचा असतो, तो काठाकडे येतो, सुपलीच काय, जहाजही परत येईल. कौशल्याबाई सगळं ऐकून घेत आणि शांतपणे विचारत, “आन् वारा कुनाचा हाय?” मग नवनाथ उठून कुणाच्या तरी मिक्सरचं झाकण उघडायला घ्यायचा.

काठावरच्या बायका तोंडावर काही बोलत नसत, पण कुजबूज कानावर यायचीच. मान ज्या घरचा त्या घरचंच काहीतरी चुकलेलं असणार. कौशल्याबाई ती कुजबूज निमूटपणे पदरात बांधून थेरगावला यायच्या. यंदा माघात त्यांना दम लागला. डॉक्टरांनी तपासून हृदय थकलंय एवढंच सांगितलं. ऐंशी वर्षं चाललेला पंप, त्याला स्पेअर नाही, हे नवनाथला डॉक्टरांपेक्षा आधी कळलं. घरी आल्यावर आईने त्याला जवळ बोलावलं आणि आवंदाची ओटी माझ्या डोळ्यांदेखत शेवटची, असं सांगितलं. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याच रात्री त्याने ठरवलं, की वाऱ्याला न जुमानता चिंचेपर्यंत जाईल अशी होडी करायची.

आता नवनाथच्या हाताला नवी वस्तू आणायची सवयच नाही. दुकानातलं काही आणणं त्याला हार मानल्यासारखं वाटतं. होडीचं अंग त्याने सुट्या भागांच्या खोक्यांतून निघालेल्या थर्माकोलचं कापलं, त्यावर जुने फ्लेक्स चिकटवले. त्यामुळे एका बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि दुसऱ्या बाजूला कुणा अण्णासाहेबांचं अर्धं हसू. गाडीची काच धुणाऱ्या पंपांच्या दोन मोटरी मागे बसवल्या. पंख्याला तेलाच्या डब्याचा पत्रा, दांड्याला सायकलच्या चाकाची तार. बॅटरी हिंजवडीच्या कंपन्यांतून भंगारात आलेल्या लॅपटॉपची, तीही तीन मेलेल्या बॅटऱ्यांतले जिवंत सेल शोधून जुळवलेली. वर ओटीसाठी पत्र्याचं ताट. ताट एका बाजूने बिजागरीवर, आणि खाली गाडीचं दार लॉक करणारा खटका. बटण दाबलं की खटका उसळणार, ताट कलंडणार, आणि ओटी बरोबर चिंचेपाशी पाण्यात जाणार. दिपालीने ते ताट चार वेळा कलंडवून घेतलं, नारळाऐवजी कांदा ठेवून. पाचव्यांदा ती हसली.

हे सगळं सामान देणारा माणूस ज्योतीराम. बीडकडचा, कारखान्याच्या भंगार यार्डावर राखणीला. जे काही नवनाथला लागेल ते तो आधीच बाजूला काढून ठेवायचा आणि रीतसर गेटपासवर बाहेर सोडायचा. काठावरून होडीला हुकूम कसा द्यायचा, हे रेडिओचं कोडंही त्यानेच सोडवलं. प्रेस शॉपमध्ये छताला जी अवजड डाय, म्हणजे पत्रा ठोकायचे साचे, उचलणारी क्रेन होती, ती बदलून नवी बसवली होती. जुन्या क्रेनचा बिनतारी रिमोट आणि त्याचा रिसीव्हरचा डबा यार्डात पडून होता. पिवळा, वीतभर, ठसठशीत बटणांचा रिमोट. त्याचा स्वभाव नवनाथला पाठ होता: बटण दाबून धरलं तरच क्रेन चालते, बोट उचललं की जागच्या जागी थांबते. आणि रिमोटचं म्हणणं ऐकू येईनासं झालं तरीही थांबते. टनभर ओझं माणसांच्या डोक्यावरून जात असतं, त्यामुळे संशय आला की थांबायचं, हाच तिचा धर्म.

ज्योतीरामने तो रिमोट डाव्या हाताने पुढे केला. उजव्या हाताला त्याची तीन बोटं नाहीत.

हे सांगायलाच हवं, कारण नवनाथ हे कुणालाच सांगत नाही. सात वर्षांपूर्वी ज्योतीराम प्रेसवर ऑपरेटर होता. प्रेसपुढे एक सेन्सर असतो. हात आत असला तर प्रेस खाली येत नाही. त्या दिवशी सेन्सर उगाच अडत होता, माल जायला उशीर झाला होता, आणि सुपरवायझर नवनाथच्या मानेवर बसला होता. नवनाथने वीतभर वायर घेतली आणि सेन्सरची दोन टोकं जोडून त्याला आंधळा केला. याला जंपर मारणं म्हणतात, आणि चाकणपासून भोसरीपर्यंत असा एकही मेंटेनन्सवाला नसेल ज्याला ते येत नाही. शिफ्ट संपायच्या आत ती बोटं गेली. गडबडीत नवनाथने वायर काढून खिशात टाकली. चौकशीच्या कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं, आणि नवनाथने त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. ज्योतीरामला यार्डाची राखण मिळाली. दोघं तेव्हापासून रोज भेटतात, एका बाकावर डबा खातात, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मात्र त्यानंतर नवनाथने एकाही मशीनला जंपर मारलेला नाही. साहेब ओरडले, शिफ्ट थांबली, तरी नाही.

रिमोट होडीला जोडताना ज्योतीराम सहज बोलून गेला, “भावा, त्या थांबवणाऱ्या रिलेला जंपर मारून टाक की. एकदा सोडली की सुसाट जाईल. तुझ्या त्या थांबण्याची होडीला काय गरज राव, पाण्यात कोण उभं राहणारंय?”

नवनाथने मान वर न करता नाही म्हटलं. हातातलं सुटलं तर थांबलं पाहिजे, एवढंच पुटपुटला. ज्योतीरामने पुन्हा विषय काढला नाही.

मग चाचणी. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. कारखान्यासमोरचा एरवी ट्रेलरने गच्च असलेला रस्ता त्या दिवशी मोकळा असतो. ज्योतीराम रिसीव्हरचा डबा स्कूटरच्या सीटवर ठेवून लांब लांब जात राहिला आणि नवनाथ बटण दाबत राहिला. अडीचशे पावलांपर्यंत डब्याने इमानदारीत टक टक उत्तर दिलं. चिंच दोनशेवर, म्हणजे पन्नास पावलं वरकड. पुढच्या गुरुवारी पवनेच्या घाटावर जलपर्णी बाजूला सारून होडी प्रत्यक्ष पाण्यात सोडली. तीस पावलांपुढे हिरवा गालिचाच होता, पण तेवढ्या अंतरात ती गेली, वळली, परत आली, ताट कलंडलं. नवनाथ घरी आला आणि आपणहून आईशेजारी जाऊन बसला. यंदा पोचवणार म्हणाला. अशी खात्री तो मशीनबद्दलसुद्धा कधी देत नसे.

कौशल्याबाईंनी त्या रात्री सुपात सामान काढलं. खण हिरवा, नारळ शेंडीचा, तांदूळ निवडून निवडून.

चैत्रातल्या त्या दुपारी शेजारच्या शेखरच्या व्हॅनमधून सगळे निघाले. पुढे शेखरशेजारी ज्योतीराम, मधल्या सीटवर दिपाली आणि आई, मागे नवनाथ होडी मांडीवर घेऊन. काठावर दीडेकशे माणसं जमली होती. होडी बघून म्हातारे हसले, बायकांनी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली, कुणीतरी अण्णासाहेबांच्या हसऱ्या तोंडाला गुलाल लावला. राखणदारही शिट्टी खिशात घालून बघायला आला. माणूस पाण्यात उतरत नाही ना, मग त्याची हरकत नव्हती. कौशल्याबाईंसाठी खुर्ची आणली होती, पण त्या बसल्या नाहीत. दिपालीने हळदकुंकू वाहून ओटी ताटात ठेवली आणि होडी पाण्यावर टेकवली.

नवनाथने बटण दाबलं. होडी निघाली आणि सरळ रेषेत निघाली. पश्चिमेचा वारा तोंडावर घेत, नाक वर करून, लाटा फोडत. पन्नास पावलं, सत्तर पावलं. सुपलीने पंचवीस वर्षांत जेवढं अंतर एकदाही कापलं नव्हतं तेवढं तिने दोन मिनिटांत कापलं. कौशल्याबाईंनी पदर दोन्ही हातांत धरला होता. एवढा आनंद नवनाथला आजवर एकाही मशीनने दिला नव्हता.

शंभराच्या आसपास होडी थांबली.

त्याने बटण सोडून पुन्हा दाबलं. काही नाही. रिमोट डोक्यावर धरला, दगडावर चढला, पाण्यात घोटाभर गेला. शिट्टी वाजली. होडी तिथे तशीच उभी, बैलाने औताला बसकण मारावी तशी. मग वाऱ्याने तिचं तोंड फिरलं आणि ती हळूहळू काठाकडे यायला लागली. दहा पावलं अलीकडे आल्यावर मोटरी पुन्हा बोलल्या. नवनाथने तिला वळवून परत पाठवली. त्याच जागी ती परत थांबली. तिसऱ्यांदा पाठवली, तिसऱ्यांदाही तिथेच. एखाद्याने पाण्यावर रेघ ओढून ठेवावी तशी ती त्या जागेपुढे जाईना.

पहिल्यांदा लोक हसले होते. दुसऱ्यांदा काहींनी सल्ले दिले. तिसऱ्यांदा बायका पदर सावरून मागे सरकल्या, आणि ते सगळ्यात वाईट होतं. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, की सुपलीला वारा परत आणतो म्हणत होते, आता यंत्राला कोण अडवतंय? नवनाथने आईकडे बघितलं. कौशल्याबाईंचा चेहरा पार उतरला होता. त्यांना आजवर एक संशय होता. मुलाने एवढ्या खटपटीने त्याची खात्री करून दिली होती, आणि तीही साऱ्या गावादेखत.

होडी काठाला लागली तेव्हा नवनाथ गुडघ्यांवर बसून तिचं झाकण उघडत होता. बॅटरी ठणठणीत. जोड पक्के. बिघाडच नाही. बिघाड असता तर तो शोधून काढता आला असता; बिघाड नसलेल्या वस्तूचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्योतीराम त्याच्याजवळ बसला आणि खिशातून वीतभर वायर काढली.

“भावा, लाव. हात जोडतो तुला. रिमोट गेला खड्ड्यात. सरळ जाईल, चिंचेला धडकेल, ताट पडेल.”

म्हणजे उपाय होता. दोन स्क्रू सैल करायचे, वायरची टोकं सरकवायची, स्क्रू आवळायचे. तीन मिनिटांचं काम, नवनाथच्या हाताला तर दोनच. त्याने वायर घेतली, टोकं सोलली, स्क्रू ड्रायव्हर लावला, आणि तिथे त्याचा हात थांबला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसेना. त्याला समोर होडी दिसत होती आणि कानात प्रेस खाली आल्याचा आवाज होता. ज्योतीरामने थोडा वेळ बघितलं, मग स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातातून घेऊन स्वतः वाकला. पण ते स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढे. डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर धरला तर वायर धरायला उजवा उरतो, आणि उजव्यात चिमूट होईल एवढी बोटंच नव्हती. वायर दोनदा वाळूत पडली. ज्याची तयारी होती त्याला बोटं नव्हती, आणि ज्याला दहाही बोटं होती त्याच्या बोटांत जीव नव्हता.

कौशल्याबाई दिपालीच्या खांद्याचा आधार घेत जवळ आल्या होत्या.

“त्यो तार देतोय,” त्या म्हणाल्या, “मग तू का न्हाई लावत, नवनाथा?”

नवनाथला काहीही सांगता आलं असतं. तार आखूड आहे, बॅटरी उतरली आहे, मोटर तापली आहे. पण आईच्या चेहऱ्यावर, ज्याला देवानेच नको म्हटलं आहे अशा माणसाची जी कळा असते, ती त्याला बघवेना. देवीने अडवलं नाही, एवढं तरी तिला कळलं पाहिजे.

“तिला देवीनं नाही थांबवलं, आई. मी थांबायला शिकवलंय म्हणून ती थांबते,” तो म्हणाला. “अशीच तार मी एकदा लावली होती. ज्योतीरामची बोटं त्यापायी गेली. माझ्यामुळं गेली, आणि मी सांगितलं नाही कुणाला. आता हात होत नाही माझा.”

हे बोलताना तो होडीकडे बघत होता. सात वर्षं जे एका बाकावर बसून बोलता आलं नाही, ते दीडेकशे माणसांसमोर बोलून झालं होतं. ज्योतीराम वाळूतली वायर उचलून बोटाभोवती गुंडाळत राहिला.

“मला ठाऊक होतं,” तो शेवटी म्हणाला. “त्या दिवशीच. तू कधी बोलतोस ते बघत होतो.”

नवनाथला वाटलं होतं, यानंतर ज्योतीराम ओरडेल, शिवी देईल, निदान उठून जाईल. तो तसाच शेजारी बसून राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

कौशल्याबाईंनी ज्योतीरामला हात दाखव म्हटलं. त्याने संकोचून पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उरलेली दोन बोटं चाचपली, तुटलेल्या बोटांच्या थोटकांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एक मोठा, पोटातून आलेला श्वास सोडला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर सोडतात तसा.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “तुज्या हातची व्हती, म्हून घेतली न्हाई तिनं.” आणि दिपालीकडे वळून, जवळजवळ हसऱ्या तोंडाने, “आन् मी येडी एवढी वरसं माजंच काय चुकलं म्हून झुरत व्हते गं.”

हिशेब केला असता तर जमला नसता. ज्योतीरामची बोटं जाऊन सात वर्षं झालेली, आणि ओटी परत येतेय पंचवीस वर्षं. पण दोष ठेवायला एकदा जागा सापडली की माणूस वर्षं मोजत बसत नाही. कौशल्याबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी नवनाथच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला, तापातल्या पोराच्या फिरवतात तसा. त्यांच्या आवाजात नुसती सुटका होती, आणि नवनाथ त्या हाताखाली मान घालून बसून राहिला. काठावरच्या बायकांनीही माना डोलावल्या. गावाचंही समाधान झालं होतं.

ऊन कलल्यावर राखणदाराने सगळ्यांना उठवलं. ओलं झालेलं ओटीचं सामान दिपालीने सुपात काढून घेतलं. व्हॅन माळ उतरून चाकणच्या रस्त्याला लागेपर्यंत कौशल्याबाईंची मान दिपालीच्या खांद्यावर कलली. तोंड किंचित उघडं, श्वास एका लयीत. खड्ड्यांनी गाडी आदळत होती, ट्रेलरचे हॉर्न वाजत होते, तरी त्यांची पापणी हलत नव्हती.

यावेळी ज्योतीराम मागे, नवनाथशेजारी येऊन बसला होता. दोघांच्या मांड्यांवर मिळून होडी आडवी होती. तो बराच वेळ रिसीव्हरच्या डब्यातून वर आलेल्या, वीतभरसुद्धा नसलेल्या एरियलकडे बघत होता.

“नवनाथ,” तो हळूच म्हणाला, “हा डबा कायम छताला असायचा ना रे? आणि चाचणीला मी स्कूटरच्या सीटवर ठेवला होता.”

नवनाथने डोळे मिटले. क्रेनचा रिसीव्हर डोक्यावर असतो, कायम डोक्यावर. तो पाण्याला टेकवून ठेवला तर किती लांबचं ऐकेल, हा प्रश्न तेवीस वर्षांत त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. होडीवर हातभर काठी उभी करून एरियल तिच्या टोकाला बांधलं असतं, तर ती चिंचेपर्यंत गेली असती आणि परतही आली असती. ना वायर लागली असती, ना कुणाची तुटलेली बोटं मध्ये आली असती. देवीचा संबंध नव्हता, आईचा नव्हता, त्या जुन्या पापाचाही नव्हता. हातभर काठीचा प्रश्न होता.

दिपालीने पुढून सगळं ऐकलं होतं. खांदा न हलवता तिने मान मागे वळवली.

“अहो, मग सांगा ना आईंना. त्या तुम्हाला दोष देऊन बसल्यात. उठवू का?”

नवनाथने आईकडे बघितलं. पंचवीस वर्षांत तिला असं झोपलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

“राहू दे,” तो म्हणाला. “तिला झोप लागलीय.”